चित्रं काढली कोणी? कॉमिक्सच्या कर्त्यांशी बोलताना

सुरुवातीलाच एक विनंती. हे व्याख्यान ध्वनिमुद्रित होतंय, म्हणून डोक्यावरचे पंखे बंद ठेवले आहेत. उमरखेडच्या एप्रिलमध्ये ही विनंती कसली, शिक्षाच आहे. पण तासाभराचाच प्रश्न आहे. पंख्याचा आवाज आपल्या कानांना सवयीनं ऐकू येत नाही, यंत्राला मात्र येतो. पॉडकास्ट करताना आम्ही शिकलो ती पहिली गोष्ट ही.

'आम्ही' म्हणजे दोघं. एक हा सत्तरी ओलांडलेला तत्त्वज्ञानाचा मास्तर, आणि दुसरा त्याचा जुना विद्यार्थी, ज्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कधी कधी आम्ही एकट्यालाही 'आम्ही' म्हणतो, ती वर्गातली सवय आहे, चालवून घ्या. या विद्यार्थ्यानं रद्दीवाल्याकडून जुन्या कॉमिक्सचा एक गठ्ठा उचलला आणि सरांकडे आणला. "सर, तुम्ही वाचत होता का हे?" तिथून सगळं सुरू झालं.

पॉडकास्ट म्हणजे काय, असं आल्या आल्या दोघा-तिघांनी विचारलं. रेडिओसारखा बोलण्याचा कार्यक्रम, पण इंटरनेटवर ठेवलेला. ज्याला हवा त्यानं हवा तेव्हा ऐकावा. बेन हॅमर्सली नावाच्या ब्रिटिश पत्रकारानं २००४ साली 'गार्डियन'मधल्या एका लेखात हा शब्द वापरला, आणि तोच पुढे रुळला. आमच्यापुरतं सांगायचं तर एक मोबाइल, एक छोटा माइक, खोलीतला आवाज घुमू नये म्हणून खिडकीवर टाकलेली गोधडी, आणि वीज जायच्या आत संपवायची घाई.

आता मूळ विषय. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. गावाला रेल्वे नव्हती, त्यामुळे स्टेशनावरचा पुस्तकांचा स्टॉलही नव्हता. जे यायचं ते एसटीनं. नांदेडला नाही तर पुसदला गेलेला कोणी मामा-काका आणायचा. एक अंक आळीतून फिरून परत येईपर्यंत त्याचं पहिलं आणि शेवटचं पान गळालेलं असायचं. त्या पानांबरोबर नावंही गळायची. वेताळ आम्हाला पाठ होता: त्याची कवटीची अंगठी, त्याचं सिंहासन, त्याचा पांढरा घोडा. ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ मध्ये त्याला जन्माला घातलं, हे आम्हाला पुढे प्राध्यापक झाल्यावर कळलं. मूळ मालिकेत वेताळाच्या देशाचं नाव 'बेंगाली' असं होतं. ते आपल्या बंगालशी जुळतं म्हणून इंद्रजालमध्ये त्याचं 'डेंकाली' झालं. म्हणजे मुंबईत कुठल्या तरी टेबलावर कोणी तरी बसून हे नाव बदललं, फुग्यातली वाक्यं मराठीत आणली, ती हातानं लिहिली. कोणी? हा प्रश्न तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

मीमांसक वेदांना अपौरुषेय मानतात. म्हणजे त्यांना कोणी कर्ताच नाही. आम्ही वर्गात हे शिकवायचो तेव्हा पोरांना पटायचं नाही. कर्त्याशिवाय ग्रंथ कसा असेल, सर? आता वाटतं, साधं उदाहरण जवळच होतं. आमच्या पिढीसाठी वेताळ अपौरुषेयच होता. तो एसटीतून यायचा, एवढंच आम्हाला माहीत.

अमर चित्र कथेची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६७ साली दूरदर्शनवर एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर देता आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. अनंत पैंनी ते पाहिलं आणि त्यातून ही पुस्तकं निघाली. पै आधी इंद्रजालच्याच कामात होते. त्यांचं श्रेय निर्विवाद आहे. पण पै काही चित्रकार नव्हते. मग डोळ्यांपुढे जो कृष्ण उभा राहतो, तो कोणाचा? राम वाईरकरांचा. 'शिवाजी'ची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे फास्टर फेणेच्या लेखकाची, आणि चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. याच मुळीकांनी पुढे १९८६ साली हिंदीतल्या नागराजच्या पहिल्या अंकांची चित्रं काढली. आमच्या विद्यार्थ्याला हे कळलं तेव्हा तो पाच मिनिटं बोललाच नाही. त्याच्या लहानपणीचा नागराज आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा शिवाजी एकाच हातातून उतरले होते.

'टिंकल' १९८० मध्ये निघालं. इंग्रजी मासिक, देशभर खपणारं. त्यातल्या सुपंडीला चेहरा दिला वाईरकरांनी. डोळ्यांवर टोपी ओढलेला तो भित्रा शिकारी शंभू काढला वसंत हळबे यांनी. ही सगळी मराठी नावं, आणि महाराष्ट्रात ती किती घरांत माहीत आहेत? 'चिंटू'चं उदाहरण वेगळं. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज येणाऱ्या त्या पट्टीमागे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर आहेत, हे वाचकाला ठाऊक असायचं. वर्तमानपत्रातली पट्टी रोज डोळ्यांसमोर येते, तिच्याखालचं नाव मनात बसतं. पुस्तकाचं तसं होत नाही.

तर आम्ही ठरवलं की कर्त्यांना शोधायचं आणि बोलतं करायचं. घाईही होती. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन दिल्लीत २०११ च्या फेब्रुवारीत भरलं. तिथं १९ तारखेला अनंत पैंना जीवनगौरव मिळाला आणि २४ तारखेला ते गेले. ही पिढी आता आपल्यासाठी थांबून राहणार नाही.

पहिली मुलाखत आम्ही पार घालवली. एक वयस्कर चित्रकार, मोठ्या मनानं वेळ दिलेला. घरी येऊन रेकॉर्डिंग मोजलं: एकूण एक तास बेचाळीस मिनिटं, आणि त्यात त्यांचा आवाज एकोणीस मिनिटं! बाकी आम्हीच. लहानपणी कसं वाचलं, कोणता अंक आवडला, त्या अमुक पानावर आम्ही कसे रडलो. ते बिचारे "हो, हो, छान" म्हणत चहा पुढे करत होते. चाहत्याची ही खोडच असते. तो देवळात जातो आणि स्वतःचंच गाऱ्हाणं सांगून परत येतो.

न्यायशास्त्रात संवादाचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला करायचा तो वाद, जिंकायला करायचा तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा नुसता मोडत बसायचा ती वितंडा. गौतमांच्या वेळी चाहते नसावेत, नाही तर चौथा प्रकार सांगावा लागला असता: स्तुती. वरवर ती निरुपद्रवी दिसते. पण स्तुती ऐकणारा माणूस गोड हसतो आणि गप्प होतो, कारण त्याला सांगण्यासारखं काही उरतच नाही.

मग आम्ही प्रश्न बदलले. "प्रेरणा कुठून मिळाली?" हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच असतं. त्याऐवजी विचारायचं: ब्रश की निब? पान किती मोठं काढत होता? आठवड्याला किती पानं व्हायची, पानामागे पैसे किती, आणि वेळेवर मिळायचे का? मूळ चित्रं परत मिळाली का? हाताला आठवतं ते तोंडाला आठवत नाही, म्हणून शक्य असेल तर समोर कागद ठेवायचा. माणूस रेघ ओढायला लागला की बोलायलाही लागतो.

अशाच एका बैठकीत लेटरिंग करणारे एक गृहस्थ भेटले. नाव सांगत नाही, तशी त्यांची अट होती. कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्यांतली फुग्यातली अक्षरं त्यांनी वर्षानुवर्षं लिहिली. त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. रंगीत छपाईत चार प्लेटा असतात. निळी, लाल आणि पिवळी सगळ्या भाषांना तीच. अक्षरं काळ्या प्लेटवर, म्हणून प्रत्येक भाषेला ती तेवढी वेगळी करायची. फुगा मात्र इंग्रजी वाक्याच्या मापाचा आखलेला. मराठीला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. इंग्रजीच्या पाच ओळी बसतात तिथं आपल्या तीन. "मग काय करायचं, प्रोफेसरसाहेब? भाषांतरकाराला फोन करायचा आणि म्हणायचं, राजाला थोडं कमी बोलू द्या." म्हणजे आपल्या लहानपणी राजे-महाराजे जे तुटक, रुबाबदार बोलायचे, त्या रुबाबाचं एक कारण उकार-वेलांट्या हेही होतं! आम्ही इतके हसलो की ते रेकॉर्डिंग कापावं लागलं.

आणि मग, चहा संपल्यावर, ते सहज म्हणाले, "एका पुस्तकातली आठ पानं माझी आहेत. लेटरिंग नाही, चित्रं. चित्रकार आजारी होते, अंक अडला होता. मी रात्री बसून काढली." पुस्तकाचं नाव त्यांनी सांगितलं. ते पुस्तक आमच्या गठ्ठ्यात होतं. त्यावर चित्रकार म्हणून एकच नाव छापलेलं, आणि ते चित्रकार हयात नाहीत.

आम्ही काय केलं? ती चार मिनिटं कापली. भाग प्रसिद्ध केला, त्यात फुगे होते, प्लेटा होत्या, राजाचा विनोद होता. आठ पानं नव्हती. आमचं समर्थन तयार होतं, आणि ते शास्त्रशुद्ध होतं. नैयायिक स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंगतीत बसवत नाहीत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भाग पडतात, अनुभव एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे. स्मृती ही आधीच्या संस्कारातून उठते, नवं काही दाखवत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण, पुरावा नाही, दुसरा पक्ष उत्तर द्यायला नाही. कापलं.

पुढे वाचता वाचता बिल फिंगरची हकिगत हाती लागली. १९३९ मध्ये बॅटमॅन निघाला तो बॉब केन या एकाच नावानं. त्याचा झगा, डोळे झाकणारा मुखवटा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम शहर, यातलं पुष्कळसं लेखक बिल फिंगरनं दिलेलं. पंचवीस वर्षं कोणाला पत्ता नाही. १९६५ साली न्यूयॉर्कला चाहत्यांनी भरवलेल्या एका संमेलनात फिंगर आला, बोलला. जेरी बेल्स नावाचा डेट्रॉइटचा प्राध्यापक, तोही चाहताच, त्याच्याशी बोलला आणि त्यानं ते लिहून चाहत्यांमध्ये वाटलं. केननं चिडून उत्तर दिलं: फिंगर हक्कापेक्षा जास्त श्रेय घेतोय, आणि पडद्यामागून काम करणाऱ्यानं नावाची अपेक्षा धरू नये, असा त्याचा रोख. फिंगर १९७४ मध्ये गेला. १९८९ च्या आत्मचरित्रात खुद्द केननं त्याचा वाटा बराचसा मान्य केला, आणि अधिकृत श्रेय २०१५ पासून छापलं जाऊ लागलं.

बेल्सजवळ तरी काय पुरावा होता? एका माणसाचं बोलणं. त्यानं ते कापलं असतं तर?

तेव्हा आम्ही पुन्हा न्यायाकडेच वळलो, पण दुसऱ्या पानाकडे. स्मृती बाजूला ठेवली तरी शब्द हे प्रमाण आहेच, आणि तो आप्ताचा शब्द असावा लागतो. आप्त कोण? ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. वात्स्यायन इथं एक मोठी मोकळीक देतात: तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सर्वांना सारखंच. मग लेटरिंग करणारा का नाही? आमची चूक अशी की आम्ही 'त्यांनी असं सांगितलं' आणि 'तसं घडलं' या दोन विधानांत फरकच केला नाही. दुसऱ्याला पुरावा हवा. पहिलं तर आमच्या कानांनी ऐकलेलं होतं, ते आमचं प्रत्यक्ष होतं, आणि तेच आम्ही दाबलं. स्मृतीचं कारण पुढे केलं, पण खरं कारण वेगळं होतं. ज्यांचं नाव पुस्तकावर आहे त्या चित्रकाराचे आम्ही भक्त होतो.

मागच्या पावसाळ्यात ते गृहस्थ वारले. त्यांच्या मुलीनं फोन करून बाबांचा आवाज मागितला. आम्ही पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आठ पानांचं तुम्हालाही सांगितलं होतं त्यांनी? आम्हाला वाटायचं, घरातच सांगतात." त्यांनी घरी शंभरदा सांगितलं म्हणून ते खरं ठरत नाही, हे आम्हाला कळतं. नोकरीभर तेच तर शिकवलं. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आता तिच्या परवानगीनं ती चार मिनिटं परत जोडली आहेत. नावाची अट त्यांची होती, ती पाळली आहे, आणि पुस्तकाचं नावही गाळलं आहे. सुरुवातीला आमच्या आवाजात एवढंच येतं की छापील पुस्तकावर वेगळं नाव आहे, आणि हे सांगणाऱ्यांचं म्हणणं आहे. ते पुस्तक घेऊन आम्ही दोघं भिंग लावून बसलो आहोत. मधल्या आठ पानांत घोड्यांचे पाय जरा निराळे वाटतात. वाटतात, एवढंच. विद्यार्थी म्हणतो, "सर, नक्की." आम्ही म्हणतो, थांब. त्याच अंकाची, त्याच चित्रकाराची दुसरी पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय काही म्हणता येत नाही, आणि ती आमच्याकडे नाहीत.

म्हणून जाता जाता एक मागणं. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, गोदरेजच्या कपाटामागे जुन्या कॉमिक्सचे गठ्ठे असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा आणून दाखवा. पानं गळालेली असली तरी चालतील. मामा मुंबईला छापखान्यात होते, आत्या पुण्यात रंग भरायची, असं कोणाच्या घरात ऐकलं असेल तर तेही सांगा. आम्ही घरी येऊ, आणि या वेळी कमी बोलू.

एवढंच. प्रश्न विचारा, पण आधी ते पंखे लावा कोणी तरी.