“उठू नका, आम्ही आहोत ना!”

गेल्या वर्षी आमचे अब्बा स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले. वय 74, न्यूमोनिया. नऊ दिवसांत ताप उतरला, छाती साफ झाली. पण घराच्या तीन पायऱ्या चढायला दोघांना धरावे लागले. मशिदीत जायला पुढे दोन महिने गेले. आजाराने खचवले, असेच आम्ही समजत होतो. फिजिओथेरपिस्टने विचारले, “तिथे रोज किती वेळा उठवून बसवत होतात?” आमच्याकडे उत्तर नव्हते. पाणी हातात, घास तोंडात, लघवीला भांडे. अब्बा उठू लागले की आम्हीच त्यांना झोपवायचो. खिदमतीत कसूर नको, एवढेच डोक्यात!

अमेरिकेतला एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस बिछान्यावर ठेवले. काही आजार नसताना त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू झडले. आजारात तर ताप आणि कमी खाणे यांची भर पडते. उलट स्पेनमधल्या पॅम्प्लोना शहरात 75 वर्षांवरच्या रुग्णांकडून वॉर्डातच रोज दोनदा, वीस-वीस मिनिटे व्यायाम करून घेतला. घरी जाताना ते इतर रुग्णांपेक्षा चांगले चालत होते.

म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, यांना कधीपासून उठवायचे? परवानगी मिळाली की जेवण खुर्चीत बसून, संडासला हात धरून चालत. लघवीची नळी लावली असेल तर ती कधी निघेल, हेही विचारा. नळी असली की माणूस पलंगालाच बांधला जातो. चष्मा आणि मागे पट्टा असलेली चप्पल घरून न्या. पडण्याची भीती खरी आहे, तेव्हा एकट्याला सोडू नका. आजाऱ्याला बसून, तेही जमेना तर पडून नमाजची सवलत आहेच. पण ज्याला बसता येते त्याला पाच वेळा बसते करायला नमाजसारखे निमित्त नाही.

आणि यखनी! डबे भरभरून आम्ही यखनी नेली आणि बोटी घरच्यांनी खाल्ल्या. प्रथिने मुख्यतः बोटीत असतात, पाण्यात फार थोडी. मऊ खिमा, अंडे, दही, घट्ट डाळ द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

यंदा अम्मी दाखल झाल्या तेव्हा पलंगाजवळची खुर्ची आम्ही पाहुण्यांना बसू दिली नाही. एक खाला रुसल्या. अम्मी सहाव्या दिवशी पायऱ्या चढून घरात आल्या.