पहिलीच गाडी चारशे घोड्यांची?

"मामू, सेकंडहँड मस्टँग मिळतेय. घेऊ?" भाच्याचे वय एकोणीस, लायसन्स तीन महिन्यांचे. पैसे आखातातले अब्बा देणार. मुलापासून दूर राहणाऱ्या बापाला नाही म्हणणे जड जाते.

फोर्डने 2016 साली भारतात आणलेल्या मस्टँग जीटीचे इंजिन पाच लिटरचे, ताकद सुमारे 400 अश्वशक्ती; घरातल्या स्विफ्टच्या चौपटीहून जास्त. तीही सगळी मागच्या चाकांना. पावसात वळणावर अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीचा मागचा भाग घसरतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सावरते, पण एका मर्यादेपर्यंतच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

"आधी दोन पावसाळे स्विफ्ट चालव," मी म्हटले.

तो रुसला. अम्मीने एवढेच विचारले, "विम्याचा हप्ता कोण भरणार?"