मोबाईलवर ७२ टक्के, निकालात ६१ : ऑनलाइन गुणांचा हिशेब नेमका कसा लागतो?

शिरवणे (नवी मुंबई) : पोराच्या मोबाईलवर महिनाभर ७२ टक्के दिसतात, परीक्षा झाली की आकडा ६१ वर येतो. घरात पहिला प्रश्न येतो, 'गुण कापले कुणी?' बहुतेक वेळा कापलेले नसतात. हिशेबच तसा लावलेला असतो.

गूगल क्लासरूम किंवा मूडलवर शिक्षक प्रत्येक प्रकारच्या कामाला भार देतात, म्हणजे एकूण निकालात कशाचा किती वाटा ते ठरवतात. समजा गृहपाठ २०, चाचणी ३० आणि परीक्षा ५० टक्के. मुलाला गृहपाठात ५० पैकी ४५, चाचणीत ४० पैकी २४, परीक्षेत ८० पैकी ४० मिळाले. सरळ बेरीज केली तर १७० पैकी १०९, म्हणजे ६४ टक्के. भार लावला तर गृहपाठाचे ९० टक्के, त्याचे २० मधले १८. चाचणीचे ६० टक्के, ३० मधले १८. परीक्षेचे ५० टक्के, ५० मधले २५. झाले ६१. गुण तेच, निकाल दोन.

मग ७२ कुठून आले? परीक्षेचा रकाना तेव्हा रिकामा होता. मूडलमध्ये रिकामे रकाने सोडून देण्याची खूण आधीपासूनच केलेली असते. त्यामुळे ५० पैकी ३६ धरले गेले, म्हणजे ७२ टक्के. ती खूण काढली तर रिकाम्या जागी शून्य धरलं जातं आणि तोच पोरगा ३६ वर दिसतो! गैरहजर मुलाचा रकाना रिकामा ठेवायचा की शून्य टाकायचं, हे म्हणून शिक्षकांनी आधीच सांगायला हवं. वर्षाच्या मधे भार बदलला तर आधीचे सगळे टक्केही हलतात, हेही ध्यानात असावं.

क्लासरूममध्ये सेटिंगमधल्या ग्रेडिंगमध्ये जाऊन प्रकारानुसार भार निवडावा लागतो आणि बेरीज बरोबर १०० व्हावी लागते. मूडलच्या भारांकित सरासरीत तसं बंधन नाही. २, ३, ५ लिहिलं तरी उत्तर तेच.

भाराची ताकद महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिली. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. राज्य मंडळाने (त्याचं मुंबई विभागाचं कार्यालय शिरवण्याजवळच, जुईनगरहून दोन स्टेशनं पुढे वाशीला) नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाला २० टक्के दिले. बारावीला दहावीचे ३०, अकरावीचे ३०, बारावीचे ४० असं सूत्र होतं. १६ जुलैला दहावीचा निकाल लागला, ९९.९५ टक्के. पण नववी कोण मनावर घेतं? ज्यांनी घेतली नव्हती त्यांचा अर्धा निकाल वर्षभर आधीच ठरून गेला होता, आणि हे त्यांना नंतर कळलं. भार आधी माहीत असणं महत्त्वाचं ते याचसाठी.

मूडल वापरणाऱ्या मुलांनी मोबाईलवर आपला ग्रेड रिपोर्ट उघडावा. शिक्षकांनी तो रकाना दाखवायचा ठेवला असेल तर प्रत्येक कामापुढे त्याचा भार आणि एकूण निकालातला वाटा दिसतो. दिसत नसेल तर पहिल्या चाचणीआधीच सरांना किंवा मॅडमना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.