गाडी मिसिंग मारते तेव्हा

पेट्रोलवरची गाडी सपाट रस्त्यावर ठीक धावते, पण खंबाटकी किंवा बोरघाट चढू लागली की हिसके देते. एसी लावला की हिसके वाढतात, पिकअप मेल्यासारखा वाटतो, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. गॅरेजमध्ये याचं निदान तीन शब्दांत होतं: गाडी मिसिंग मारते. म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये हवा आणि पेट्रोल पोचतं, पण ते पेटत नाही. याची कारणं अनेक असू शकतात. अलीकडच्या गाड्यांमध्ये त्यात इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचा, नंबर बराच वर लागतो.

ही कॉइल घराखालच्या पार्किंगमध्ये, मोजक्या पान्यांनी बदलता येते. हात बसलेला नसला तरी बहुतेक छोट्या गाड्यांवर हे तासाभराचं काम आहे. मात्र त्यातला मोठा वेळ द्यायचा तो कोणती कॉइल गेली आहे, आणि मुळात कॉइलच गेली आहे का, हे शोधायला. हा शोध न घेता चारही कॉइल बदलणाऱ्यांचे पैसे जातात आणि हिसके पुष्कळदा तसेच राहतात.

बारा व्होल्टचे तीस हजार

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. स्पार्क प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते आणि ठिणगीला ती ओलांडायची असते. उघड्या हवेत एवढ्या फटीसाठी सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. सिलेंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या मिश्रणात त्याच्या कितीतरी पट. वायूवरचा दाब आणि फटीचं अंतर यांवर ठिणगीचं व्होल्टेज कसं ठरतं, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलं. गाडी घाटातच का अडते, याचं उत्तर त्यात आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलेंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर कशीबशी निभावून नेणारी कॉइल तिथे उघडी पडते.

कॉइलची रचना साधी आहे. लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी: एक जाड तारेचं, थोड्या फेऱ्यांचं, दुसरं अतिशय बारीक तारेचं, त्याच्या सुमारे शंभरपट फेऱ्यांचं. इंजिनावर नियंत्रण ठेवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, जाड तारेतून सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता करंट सोडतो आणि एकदम तोडतो. तयार झालेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं. त्या क्षणी जाड तारेत तीनचारशे व्होल्टचा झटका उठतो आणि बारीक तारेत तो शंभरपट होऊन तीस-चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा जो नियम शोधला, त्यावरच हे सगळं उभं आहे. पाच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथ इथल्या कॉलेजात शिकवणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी असंच दोन वेटोळ्यांचं यंत्र बनवलं. आजच्या गाडीतली कॉइल त्याची वंशज आहे.

तिच्यावर पडणारं काम मोठं असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलेंडरला एक ठिणगी लागते. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर एका कॉइलला मिनिटाला १,५०० ठिणग्या द्याव्या लागतात, सेकंदाला २५. तीन तासांच्या मुंबई-पुणे प्रवासात सरासरी २,००० आरपीएम धरले, तर एकेक कॉइल १ लाख ८० हजार ठिणग्या पाडते, आणि तेही तापलेल्या इंजिनाच्या माथ्यावर बसून.

प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र कॉइल ही कल्पना नवी नाही. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत एका लाकडी पेटीत चार कॉइल असत, सिलेंडरमागे एक. पुढे अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन व्यवस्था रूढ झाली आणि एकच कॉइल सगळ्या सिलेंडरना पुरू लागली. कुठल्या प्लगला कधी करंट द्यायचा, हे डिस्ट्रिब्युटर ठरवू लागला. अॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी या गाड्या याच पद्धतीच्या. त्यांचे मालक पॉइंट घासणं, कंडेन्सर बदलणं, डिस्ट्रिब्युटरची कॅप पुसणं ही कामं स्वतः करत. इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाल्यावर डिस्ट्रिब्युटर गेला आणि कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसली. मारुतीच्या स्विफ्टमधलं के-सीरिज इंजिन हे त्याचं परिचित उदाहरण. २००३ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात तर सिलेंडरमागे दोन प्लग होते. चार सिलेंडर, आठ प्लग, आठ कॉइल. पुढच्या चार सहज निघतात, मागच्या चारांपर्यंत हात पोचवणं अवघड.

कॉइल का जाते

मुख्य शत्रू उष्णता. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. तारांवरचं लुकण आणि त्यांच्याभोवतीचा राळेचा थर हळूहळू तडकतो. केसभर तडा पडला की वीज प्लगकडे न जाता जवळच्या धातूत उतरते. रबरी बूटवर दिसणारी पांढुरकी किंवा काळी रेघ ही त्याची खूण.

दुसरं कारण प्लग. प्लगचं टोक झिजतं तशी फट वाढते आणि दर ठिणगीला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. साधे निकेलचे प्लग बदलायची वेळ उलटून गेली तरी तसेच ठेवले, तर त्यांची किंमत कॉइल मोजते. मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने असलेल्या सीएनजी गाड्यांना हे जास्त लागू आहे, कारण नैसर्गिक वायूचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर सुरळीत चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच मिसिंग मारू लागली, तर आधी प्लग आणि मग कॉइल तपासावी. तिसरं कारण पाणी आणि तेल. पावसाळ्याआधी इंजिनावर प्रेशरने पाणी मारून धुलाई केली की ते प्लगच्या खोबणीत साचतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळू लागलं की तिथे ऑइल उतरतं आणि रबरी बूट फुगतो.

कधी दोष कॉइलच्या घडणीतच असतो. २००३ च्या सुरुवातीला फोक्सवॅगनने अमेरिकेत पाच लाखांहून अधिक फोक्सवॅगन आणि आउडी गाड्यांच्या कॉइल स्वखर्चाने बदलून देण्याचं जाहीर केलं. आधी एकेक कॉइल जात होती, ती बदलली की काही दिवसांनी शेजारची जायची. अशा वेळी चारही बदलण्याला अर्थ असतो. एरवी नाही.

मिसिंगकडे दुर्लक्ष मात्र करू नये. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्यातली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंनी लेपलेली असते. अति तापून ती वितळू शकते. बाजारात एक कॉइल गाडीनुसार दीड-दोन हजार रुपयांपासून पुढे मिळते, कन्व्हर्टरचा खर्च त्याच्या कित्येक पट. दिवा स्थिर असेल तर तपासणी लवकर करावी. तो लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी शक्य तितक्या लवकर बाजूला घेणंच योग्य.

आधी पुरावा

बहुतेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डला ओबीडीचा, म्हणजे इंजिनातले बिघाड वाचण्याचा, सॉकेट असतो. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन सहज मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये बिघाडाचा कोड दिसतो. पी०३०० म्हणजे मिसफायर कुठल्या एका सिलेंडरचा नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलेंडरचा नंबर सांगतो. पी०३५१ पासूनचे कोड थेट त्या त्या कॉइलच्या सर्किटकडे बोट दाखवतात. सिलेंडरची मोजणी कुठल्या बाजूने सुरू होते, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं.

समजा, पी०३०२ आला. याचा अर्थ दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर आहे, एवढाच. कॉइल दोषी आहे, असा नाही. आता दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, बाकी काहीही हलवायचं नाही. कोड पुसून गाडी थोडी चालवायची. कोड बदलून पी०३०३ झाला, तर दोष कॉइलसोबत गेला आणि पुरावा हाती आला. कोड दुसऱ्याच सिलेंडरवर राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करायची. तरीही तो तिथेच राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनकडे वळावं लागतं, आणि तिथे गॅरेज गाठणं शहाणपणाचं. या चाचणीला वेळेपलीकडे काहीच खर्च नाही.

जुन्या गाड्यांच्या काळातली एक सवय इथे सोडून द्यायला हवी. चालू इंजिनावर प्लगची वायर उपसून कुठला सिलेंडर मेलाय ते पाहायचं, ही ती सवय. आजच्या कॉइलला प्लगची वाट मिळाली नाही, तर तयार झालेलं व्होल्टेज तिच्याच आतलं आवरण फोडू शकतं किंवा हाताला जबर झटका देऊ शकतं. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ काम करूच नये.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. सिलेंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग फिरवला तर त्याचे आटे खराब होण्याची भीती असते. चावी काढून बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावा. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की बहुतेक गाड्यांत कॉइल ओळीने दिसतात. काही गाड्यांत मात्र त्यांच्यावर एअर फिल्टरची नळी किंवा इनटेकचा भाग येतो. तो हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

प्रत्येक कॉइलला एक कनेक्टर आणि सहसा १० नंबरचा एक बोल्ट असतो. कनेक्टरची लॉकची जीभ दाबून तो हलकेच ओढायचा. वायरला धरून ओढायचं नाही. वर्षानुवर्षं तापून हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि घाईत तुटतं ते सहसा हेच. बोल्ट काढल्यावर कॉइल डावी-उजवी थोडी फिरवून तिचा बूट मोकळा करायचा आणि सरळ वर खेचायची. आत तेल दिसलं, तर नवी कॉइल घालण्याआधी गॅस्केटचा बंदोबस्त करायला हवा.

कॉइल निघालीच आहे, तर प्लगही पाहून घ्यावा. त्याआधी खोबणीतली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये पडते. प्लग परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावे; अडकल्यासारखं वाटलं की थांबून पुन्हा सरळ धरावा. शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे.

नव्या कॉइलच्या बूटमध्ये आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा. पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही. कॉइल सरळ खाली दाबली की ती प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट बेताने आवळावा, कनेक्टर टिक आवाज येईपर्यंत दाबावा, बॅटरी जोडावी, कोड पुसावा.

कॉइल खरेदी करताना गाडीचा चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्पेअर पार्टची दुकानं रांगेने आहेत. मूळ कंपनीच्या खोक्यासारखी दिसणारी नकली कॉइल टाळायची, तर अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊनच ती घ्यावी. गाडी वॉरंटीत असेल, तर हे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवणं फायद्याचं.

गाडी सुरू झाल्यावर पाच मिनिटं उभ्या जागी ऐकावी, मग एसी लावून चढावर चालवून पाहावी, कारण दोष उरला असेल तर तो तिथेच दिसतो. तारीख, किलोमीटर, सिलेंडरचा नंबर आणि कॉइलचा ब्रँड सर्व्हिस बुकात लिहून ठेवावा. त्याच सिलेंडरची कॉइल काही महिन्यांत पुन्हा गेली, तर ही नोंद कामी येते: मग तिसरी कॉइल न आणता त्या सिलेंडरचा प्लग, कनेक्टरची पिन, वायरिंग आणि गॅस्केटची गळती हे चार भाग तपासून घ्यायचे असतात.