दारातला छोटा कॅमेरा आणि व्हेरिएबल नीट मांडणं

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांचे जे मेसेज मला येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची अडचण एकच असते : "विषय पक्का आहे, पण गाईड म्हणतात व्हेरिएबल नीट मांडा. म्हणजे नक्की काय करू?" या वेळी उत्तर देण्यासाठी कुणाच्याच विषयातलं नसलेलं उदाहरण घेते. घराच्या मुख्य दाराला लावायचा छोटा, सहज नजरेत न येणारा कॅमेरा. खरोखर कॅमेरा घ्यायचा असेल तर तेही काम होऊन जाईल.

प्रश्न माझ्या मावशीचा. वय ७१, डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दुपारी बेल वाजते, बाहेरून आवाज येतो, "गॅसवाला, पाइप चेक करायचाय." दाराच्या भिंगातून डोळा लावून बघावं तर एक लांबट काळी आकृती दिसते. तेवढ्यावर दार उघडायचं की नाही हे ठरवायचं. तिची मागणी एका वाक्यात होती : "बारीकसा कॅमेरा सांग, बाहेरून कळायला नको, आणि चित्र क्लिअर हवं."

दुकानदार या वाक्यावर लगेच तीन मॉडेल दाखवेल. आपण संशोधन करणारे, तेव्हा आधी विचारू : कॅमेऱ्याने नेमकं काय बदलायला हवं? म्हणजेच डिपेंडंट व्हेरिएबल कोणतं?

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "चोर घाबरावेत." पण मग "बाहेरून कळायला नको" ही अट तिथेच आडवी येते. जो कॅमेरा दिसत नाही, त्याला कोण घाबरणार? सीसीटीव्हीने गुन्हे कमी होतात का, यावर ४० वर्षांतल्या मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये 'क्रिमिनॉलॉजी अँड पब्लिक पॉलिसी' या जर्नलमध्ये आला. कॅमेरे असलेल्या भागांत, नसलेल्यांच्या तुलनेत, गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले आणि परिणाम सगळ्यात ठळक होता तो पार्किंगच्या जागांमध्ये. कॅमेऱ्यांच्या जाहिराती असल्या आकड्यांवर उभ्या राहतात. पण हे अभ्यास मुख्यतः सार्वजनिक जागांतल्या कॅमेऱ्यांचे आहेत. ते निष्कर्ष जिन्यातल्या लपवलेल्या कॅमेऱ्याला लावणं म्हणजे एक्स्टर्नल व्हॅलिडिटीचा सरळसरळ भंग. व्हायव्हात एक्स्टर्नलने हा प्रश्न विचारला तर हेच उदाहरण द्या.

म्हणजे धाक हे व्हेरिएबल बाद. उरतं काय? मजा अशी, की घराच्या दारावरच्या कॅमेऱ्याची सुरुवातच या उरलेल्या गोष्टीतून झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने पती अल्बर्ट यांच्यासोबत १९६६ मध्ये एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते डिसेंबर १९६९ मध्ये मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीवर चित्र, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि लांबूनच दाराचं कुलूप उघडायचं बटण. तिच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, रात्री-अपरात्री घरी एकटी. तिला दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते बघायचं होतं. मावशीलाही तेच हवंय. डिपेंडंट व्हेरिएबल सापडलं : दार न उघडता, काही सेकंदांत, बाहेरच्या माणसाबद्दल बरोबर निर्णय.

आता "क्लिअर". हा शब्द सिनॉप्सिसमधल्या "प्रभावी", "गुणवत्तापूर्ण" यांचा सख्खा भाऊ. ऑपरेशनल डेफिनिशन दिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. या बाबतीत पायाभूत काम अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलं. पडद्यावर "काहीतरी आहे" एवढं कळणं, ते कोणत्या प्रकारचं आहे हे कळणं आणि नेमकं कोणतं आहे हे कळणं, या वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेगळा बारकावा लागतो, हे त्यांनी निरीक्षकांवर प्रयोग करून आकड्यांत दाखवलं. आज व्हिडिओ पाळत यंत्रणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक याच धाटणीने बोलतं. दृश्यातल्या एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात ते मोजायचं. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत माणूस आहे हे कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० असे आकडे होते.

हिशेब करू. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. समजा भिंगाचा कोन ११० अंश आहे. अंतराच्या साधारण २.८६ पट रुंदी त्यात मावते. माणूस एक मीटरवर उभा असेल तर २.८६ मीटर रुंदीत १९२० पिक्सेल, म्हणजे मीटरमागे सुमारे ६७०. २५० ची मर्यादा २.७ मीटरच्या आसपास येते. मावशीच्या दारापासून समोरचं दार सव्वादोन मीटरवर. म्हणजे २ मेगापिक्सेल पुरेसे आहेत! दुकानदार ४ मेगापिक्सेलचा आग्रह धरेल, "डबल क्लिअर" म्हणेल. पण त्यात आडवे पिक्सेल २५६०, म्हणजे पोच फक्त एक तृतीयांशाने वाढते, २.७ वरून ३.६ मीटर. पुढे तर भिंतच आहे. (भिंगाचा कोन १६० अंशांसारखा मोठा असला तर हे सोपं सूत्र चालत नाही. कडेचं चित्र ताणलं जातं, म्हणून फक्त मधला भाग धरायचा.)

इथपर्यंत आलं की थांबायचा मोह होतो. आकडा मिळाला, तक्ता झाला, चॅप्टर झाला. पण बघणारा कोण, हे आपण अजून विचारलेलंच नाही.

१९९९ मध्ये बर्टन, विल्सन, कोवन आणि ब्रूस यांचा एक प्रयोग 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये छापून आला. सुरक्षा कॅमेऱ्याच्या हलक्या दर्जाच्या चित्रीकरणात विद्यापीठातले प्राध्यापक इमारतीत शिरताना दिसत होते. ज्यांना हे प्राध्यापक शिकवायचे, त्या विद्यार्थ्यांनी त्यांना सहज ओळखलं. ज्यांची ओळख नव्हती, ते चांगलेच चुकले. आणि अनुभवी पोलीस? तेही अनोळखी विद्यार्थ्यांइतकेच चुकले. पुढच्या टप्प्यात चेहरा, शरीर किंवा चाल झाकून बघितलं, तर सगळ्यात मोठी घसरण चेहरा झाकल्यावर झाली. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की "क्लिअर" हा निव्वळ कॅमेऱ्याचा गुण नाही. तो चित्र आणि बघणारा यांच्यातला संबंध आहे. दूधवाला, भाचा, खालच्या मजल्यावरच्या काकू यांना मावशी साध्या कॅमेऱ्यातही ओळखेल. अनोळखी माणसाच्या बाबतीत ४ मेगापिक्सेलसुद्धा तिला फक्त एक स्वच्छ अनोळखी चेहरा दाखवणार.

मग तो "गॅसवाला" खरा की खोटा? तो ओळखपत्र दाखवेल. हिशेब पुन्हा करा. कार्डावरची अक्षरं ५ मिलिमीटर उंच धरली, तर एक मीटरवर त्यांच्या वाट्याला साडेतीनच्या आतबाहेर पिक्सेल येतात. वाचता येणं शक्य नाही. कार्ड ३० सेंटिमीटरवर धरलं तर ११ पिक्सेल, जेमतेम वाचता येतील, पण अशा छोट्या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो, इतक्या जवळचं धूसर होण्याची शक्यता जास्त. आणि अक्षरं वाचता आली तरी कार्ड खरं कशावरून? म्हणजे मावशीला जे कळायला हवं ते चित्रात नाहीच. आपण मोजतोय चेहऱ्याची स्पष्टता, हवी आहे विश्वासार्हता. याला कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी म्हणतात आणि अर्ध्याहून जास्त प्रश्नावल्या याच ठिकाणी फसतात असं माझं मत आहे. यावरचा उपाय कॅमेऱ्याबाहेरचा आहे : दार बंद ठेवून "थांबा, एजन्सीला फोन करते" असं सांगता यायला हवं. त्यामुळे मेगापिक्सेलऐवजी आतून-बाहेरून बोलायची सोय यादीत वर गेली.

जागेचे प्रश्न मात्र खरे आहेत, आणि ते खोक्यावर छापलेले नसतात. कॅमेरा चौकटीच्या वर, २.४ मीटरवर लावला आणि माणूस दाराला खेटून उभा राहिला, तर साठेक सेंटिमीटरवरून जवळपास ५० अंशांच्या कोनातून त्याचं टक्कल किंवा टोपी दिसते. चेहरा हवा तर कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला हवा, म्हणजे दाराच्या भिंगाच्या भोकात. मावशीची "बाहेरून कळायला नको" ही अटही तिथेच सगळ्यात चांगली पाळली जाते, कारण बाहेरून ते नेहमीचं भिंगच वाटतं. दुसरं, जिन्याची खिडकी पाहुण्याच्या पाठीमागे आली की दुपारी चेहरा काळा पडतो. ती लांबट काळी आकृती यामुळेच दिसत होती. त्यासाठी उजेड-सावली दोन्ही सांभाळणारी डब्ल्यूडीआर सोय बघायची. तिसरं, रात्रीचे इन्फ्रारेड दिवे. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. आणि कॅमेरा आतल्या दारात, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर हे दिवे जाळीवरच आपटून परत येतात आणि चित्र पांढरं होतं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. तेव्हा दिवे सोडा, पॅसेजमध्ये एक साधा एलईडी बल्ब लावा.

आता हालचाल दिसली की मोबाइलवर सूचना देण्याची सोय. समजण्यापुरते आकडे घेऊ. दिवसभरात त्या मजल्यावरून २०० वेळा ये-जा होते, त्यातली ५ माणसं मावशीकडे येतात. कॅमेरा या पाचही वेळा सूचना देतो, शिवाय उरलेल्या १९५ पैकी फक्त १० टक्के वेळा चुकून देतो. म्हणजे सुमारे २० खोट्या सूचना. दिवसाला २५ पैकी ५ खऱ्या. चौथ्या दिवशी मावशी सूचना बंद करून टाकेल. संवेदनशीलता १०० टक्के असूनही उपयोग शून्य, कारण मूळ प्रमाणच कमी. बेस रेट विसरण्याचं याहून घरगुती उदाहरण मला सापडलेलं नाही.

समोर चार मुली भाड्याने राहतात, आणि त्या १९५ मधल्या कितीतरी वेळा त्यांच्याच. कोण किती वाजता आली, सोबत कोण होतं, याची नोंद मावशीच्या कार्डात साठत राहील आणि त्यांना पत्ताही नसेल, कारण कॅमेरा मुद्दाम न दिसणारा. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ खाजगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. युरोपच्या न्यायालयाने मात्र २०१४ मध्येच म्हटलं, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर राहत नाही. कायदा लागू नसला म्हणून एथिक्स कमिटीचा प्रश्न संपत नाही. ज्यांची संमती घेतलेली नाही त्यांचा डेटा तुम्ही का गोळा करताय, हे विचारलं जाणारच.

यावर निघालेला तोडगा साधा आहे. कॅमेरा सतत चालू ठेवायचाच नाही. बेल दाबली की किंवा आतून बटण दाबलं की सुरू व्हावा, आतल्या बाजूच्या छोट्या पडद्यावर चित्र दिसावं, तेवढंच. खोट्या सूचना गेल्या, मुलींची ये-जा साठवणं गेलं. इंटरनेटची गरजही नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तो धोकाही टळला. बेल न वाजवता कुणी कुलपाशी खटपट करत असेल तर ते टिपलं जाणार नाही. ही मर्यादा आहे आणि ती लिमिटेशन्समध्ये स्पष्ट लिहायची. तसंच मुलींना एकदा सांगून टाकायचं, की भिंगाच्या जागी कॅमेरा आहे.

घेण्याआधी भोकाचा व्यास आणि दाराची जाडी मोजा. दुकानात बहुतेक जण यापैकी काहीच सांगू शकत नाहीत आणि मग सुतार बोलवावा लागतो.

परत करायची मुदत संपायच्या आत पायलट करा. ओळखीची पाच आणि अनोळखी पाच माणसं, सकाळ, ऊन असलेली दुपार, संध्याकाळ आणि दिवे गेलेली रात्र अशा चार वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकून. आत बसलेल्या माणसाला कोण येणार हे माहीत नसावं. बेल वाजल्यापासून तिने "ओळखीचा" किंवा "अनोळखी" म्हणेपर्यंतचे सेकंद मोजा आणि उत्तर लिहून ठेवा. त्यातल्या एक-दोघांना डोक्यावर टोपी घालायला लावा, आणि एकाला बेल दाबून भिंगावर बोट ठेवायला सांगा. चित्र काळं दिसलं तर ती दार उघडते का, हे त्या पायलटमधलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण असेल.