नसबंदी झालेला बोका आणि व्यालेली मांजरी

भोपाळच्या पिपलानीत भेलच्या जुन्या क्वार्टरांच्या आसपास झाडं, अंगणं आणि अडगळीचे कोपरे भरपूर. तिथे एखादी मांजरी विते, आपण तिला पिल्लांसकट घरात घेतो आणि मग प्रश्न पडतो, की घरातल्या बोक्याचं काय?

बोका पिल्लं मारतो ही भीती खोटी नाही. पिल्लं गेली की मांजरी लवकर माजावर येते, म्हणून नसबंदी न झालेला बोका परकी पिल्लं मारू शकतो. नसबंदीनंतर ही ओढ ओसरते, पण त्याला काही आठवडे लागतात. शिकारीची सवय तर राहतेच. चिमुकलं काही वळवळलं की पंजा पडतो. त्याहून मोठा धोका मांजरीकडून असतो. पिल्लं लहान असताना ती जवळ येणाऱ्यावर तुटून पडते किंवा पिल्लं उचलून जागा बदलते. मांजरी सात घरं फिरते म्हणतात, ते याच धास्तीपोटी.

म्हणून सुरुवात बंद दारापासून करा. मांजरीला स्वतंत्र खोली द्या. खोली नवी असली तरी पिल्लांचं गोणपाट तेच ठेवा. आधी दोघांचीही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि बोक्याचं लसीकरण झालंय ना, तेही बघा. पॅनल्यूकोपेनिया हा आजार पिल्लांचा जीव घेतो, आणि त्याचा विषाणू कपड्यांवरून, भांड्यांवरूनही पसरतो. तपासणी होईपर्यंत वस्तूंची अदलाबदल नको.

त्यानंतर वासाची ओळख. मांजरं नजरेआधी नाकाने ओळखतात. त्यांच्या गालांत गंधग्रंथी असतात, म्हणून स्वच्छ फडकं बोक्याच्या गालावर हलकेच फिरवून मांजरीच्या खोलीत ठेवा आणि तिचं फडकं त्याच्याकडे. ती फिस्कारली तर रागावू नका, फडकं दूर सरकवा. फडक्याशेजारी ती शांतपणे जेवू लागली, की दोघांची ताटं बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवा आणि रोज थोडी जवळ आणा.

मग जाळीचं दार. जाळीतून दिसू द्या, पण दहा मिनिटांत थांबवा. थोडं फिस्कारणं चालतं. एकटक नजर, चपटे कान, फटकारणारी शेपटी आणि खोल गुरगुर दिसली तर एक पायरी मागे या.

समोरासमोर भेटीची घाई नको. पिल्लं साधारण आठ आठवड्यांची, धावणारी आणि स्वतः खाणारी झाली, की बोक्याला आधी पोटभर जेवू घालून आणि खेळवून आत आणा. मांजरीला चढून बसायला उंच जागा हवी आणि पिल्लांना शिरायला खोकं. दोन मोठ्या मांजरांसाठी रेतीचे तीन ट्रे ठेवा. भांडण जुंपलं तर हात मध्ये घालू नका, पुठ्ठा आडवा धरा. चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जा, कारण रेबीजचा धोका असतो.

या काळात मांजरीला बाहेर सोडू नका. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचं दूध सुटलं, की तिचीही नसबंदी करून घ्या.

किती दिवस लागतील, हे मांजरी ठरवते. बोका खोलीत असताना ती त्याच्याकडे पाठ करून निवांत जेवू लागली, की समजा, तिने त्याला घरातला मानलं. तोवर दोघांना एकटं सोडू नका.