न भिजणारा कापूस

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा किंवा मानोऱ्याच्या शिवारातलं फुटलेलं बोंड घ्या, सरकी काढा आणि रुई बादलीभर पाण्यात टाका. ती तरंगत राहते. औषधाच्या दुकानातला कापूस मात्र दहा सेकंदांत बुडायलाच हवा, तशी औषधकोशाची अट आहे. वाण एकच असेल, फरक तंतूवरच्या मेणाचा. वजनाने ते जेमतेम अर्धा ते एक टक्का. संततधारेपुढे त्याचा निभाव लागत नाही, हे वाशिमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. 12 टक्क्यांहून जास्त ओल भरली की भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावरून गाडी परत फिरते. तरी पहिले थेंब अडवतं ते हेच मेण. गिरणीत कॉस्टिक सोड्यात उकळून ते काढतात, कारण त्याशिवाय रंग नीट चढत नाही. मग कापड न भिजणारं हवं असलं की तसलंच काहीतरी पैसे मोजून पुन्हा बसवायचं!

बसवणं अवघड नाही, टिकवणं अवघड. मेण आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांचा जुना लेप चार धुण्यांत उतरे. कापसाचं सेल्युलोज हायड्रॉक्सिल गटांनी भरलेलं असतं आणि पाणी त्यांनाच चिकटतं. तेव्हा पाणी टाळणारी रसायनं याच गटांना जोडून टाकावीत, हा विचार 1930च्या दशकात ब्रिटनमधल्या ‘वेलान’ या प्रक्रियेमागे होता. पुढे सिलिकोन आलं. कापड द्रावणात बुडवायचं, रुळांत पिळायचं, वाळवायचं आणि 150 अंशांच्या आसपास भाजून काढायचं. प्रत्येक तंतूभोवती अतिशय पातळ थर पक्का होतो, पण विणीतली छिद्रं उघडीच राहतात. त्यामुळे रबरी रेनकोटासारखा घाम कोंडत नाही.

अशा कापडाची परीक्षा मला फार आवडते. कापड 45 अंशांच्या कोनात तिरपं ताणायचं, 15 सेंटिमीटरवरून झारीने 250 मिलिलिटर पाणी सोडायचं आणि ओल किती उरली ते डोळ्यांनी पाहून 100 ते शून्य गुण द्यायचे. धुऊन धुऊन हेच पुन्हा करत राहायचं.

सिलिकोन पाणी थोपवतं, तेल नाही. तेलही थोपवणारी फ्लोरिनयुक्त रसायनं आली आणि बाजार त्यांनी भरला. टिकाऊपणा इतका की ती माती-पाण्यातूनही जाईनात. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवर बंधनं आणणाऱ्या स्टॉकहोम करारात त्यांच्या कुळातलं पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये घातलं गेलं, त्यामागे हेही एक कारण.

रसायनावर फारसं न विसंबणारी वाटही होती. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ विणलं. ओलं होताच त्याचे धागे फुगून विणीतली फट बुजते. त्याला लांब धाग्याचा कापूस लागतो. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेने एके काळी वाहिला तो वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. त्याच्या नशिबी हे काम नव्हतं.

शेतातल्या माणसाला पावसापासून आडोसा हवा, तेल झटकणारं कापड नव्हे. त्याला सिलिकोन पुरतं. तेव्हा सुती जाकीट घेताना दुकानदाराला एवढं विचाराच: यात फ्लोरिन आहे का?